भ्रमरांचें गणित

अपूर्णांकी घातांकाचें चिन्ह आपल्याकडे पाश्चात्य पुस्तकांतून आलें. न्यूटनच्या १६७६ च्या पत्रांत तें आढळतें. परंतु मुळांत अडकलेली अव्यक्त राशि सोडविण्याची विद्या येथें जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (११५०) निम्म्या थव्याचें वर्गमूळ, म्हणजेच एकद्वितीयांश घात, थव्याचे आठ-नवमांश आणि दोन भ्रमर मिळून सारा थवा होतो. बीजगणितांत आचार्यांनीं थवा अव्यक्ताच्या वर्गाची दुप्पट मानिला; मूळ आपोआप निघालें. अव्यक्त ६ किंवा उणें दीड. म्हणून थवा ७२ किंवा साडेचार. साडेचार घेतल्यास बेरीज साडेसात येते. तें उत्तर खोटें. वानरांच्या उदाहरणांत तर आचार्यांनीं दुसरें उत्तर अयुक्त म्हणून स्वतःच टाकलें. आमचे विद्यार्थी रीत घेतात, पडताळा सोडतात; वारसा सुटतो तो तेथेंच.