होमस्कूलिंग करायचंय? पुस्तकं नंतर निवडा, आधी दाखला आणि दोस्त यांचं बघा

२०१६ साली मुंबईतल्या एका १७ वर्षांच्या मुलीची बातमी सगळीकडे फिरली होती. आजही ती अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येते. सातवीच्या सुमारास शाळा सुटली, दहावी नाही, बारावी नाही, आणि पोरगी थेट अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली.

बातमी खरीच होती. पण फॉरवर्ड होताना तिच्यातल्या दोन गोष्टी गळून जातात. एक म्हणजे, तिच्याकडे प्रोग्रॅमिंगच्या ऑलिम्पियाडची तीन पदकं होती. आणि दुसरी, बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्याकडच्या आयआयटीचं दार तिला बंद होतं.

होमस्कूलिंगचा विचार करणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, "अभ्यासक्रम कोणता घ्यायचा?" खरं तर हाच निर्णय सगळ्यात सहज बदलता येतो. पुस्तक नाही आवडलं तर पुढच्या महिन्यात दुसरं आणता येतं. पण पंधराव्या वर्षी हातात कागद नसेल किंवा अकराव्या वर्षी खेळायला कुणी नसेल, तर ते एका महिन्यात उभं करता येत नाही. म्हणून या लेखात क्रम थोडा उलटा घेऊया.

कायद्याचं काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असं तो सांगतो. यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण ते पाळलं नाही तर पालकांना दंड किंवा शिक्षा करण्याची तरतूद या कायद्यात नाही.

दुसरीकडे, होमस्कूलिंगला परवानगी देणारा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत 'आम्ही मुलाला घरी शिकवतोय' असं सरकारला कळवायची पद्धत आहे. तशी नोंदणी इथे नाही. म्हणजे तुम्हाला कुणी रोखत नाही, पण तुमच्या मुलाची नोंद ठेवणारंही कुणी नाही. ती जबाबदारी तुमची.

आधी शेवट ठरवा: दहावी कुठून?

महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबासमोर साधारण तीन वाटा असतात.

पहिली वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. केंद्र सरकारची ही संस्था १९८९ पासून आहे. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ही सगळ्यात सरळ वाट, कारण दहावीला बसण्यासाठी आधी शाळेत गेलेलंच असावं अशी अट नाही. वय १४ पूर्ण हवं आणि आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर 'मी हा अभ्यास करू शकतो' असं स्वयंघोषणापत्र चालतं. किमान पाच विषय घ्यायचे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. प्रवेश पाच वर्षं वैध राहतो, त्यामुळे सगळे विषय एकाच फटक्यात द्यावे लागत नाहीत. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते.

"एनआयओएसचं सर्टिफिकेट पुढे चालतं का?" हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. हो, चालतं. अकरावीला प्रवेश मिळतो. बारावी एनआयओएसमधून किमान पाच विषय घेऊन केली तर जेईई देता येते. नीटबाबत मात्र बरीच वर्षं वाद होता. मुक्त विद्यालयाच्या मुलांवरची बंदी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा विषय मिटला.

दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. हा भरून मुलं खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसतात. मार्कशीट नेहमीच्या बोर्डाचीच असते, त्यामुळे घरच्यांना जरा हायसं वाटतं. अडचण अशी की दहावीच्या फॉर्मसोबत किमान पाचवी पास असल्याचा पुरावा आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जे मूल कधीच शाळेत गेलं नाही, त्याच्याकडे हा दाखला कुठून येणार? राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा घेतं. १७ नंबरचाच रस्ता धरायचा असेल तर त्या परीक्षांची माहिती मूल नऊ-दहा वर्षांचं असतानाच काढून ठेवा.

तिसरी वाट केंब्रिजच्या आयजीसीएसईसारख्या परीक्षांची. खासगी उमेदवार घेणारं परीक्षा केंद्र आधी शोधावं लागतं. शुल्क विषयागणिक असतं आणि ते वरच्या दोन्ही वाटांपेक्षा पुष्कळ जास्त. पुढे भारतातच शिकायचं असेल तर कोणते आणि किती विषय घेतले की ते दहावी-बारावीच्या बरोबरीचे धरतात, हे विषय निवडण्याआधी तपासा.

मग अभ्यासक्रम

शेवटचं स्टेशन ठरलं की मधला प्रवास बराच मोकळा होतो. चौदाव्या वर्षी एनआयओएस द्यायचीय, तर आठव्या वर्षी कुठलं पुस्तक हातात आहे याने फार फरक पडत नाही. मूल समजून वाचतंय का, मनातलं लिहू शकतंय का आणि अपूर्णांकांना घाबरत नाही ना, याने पडतो.

ढोबळमानाने तीन प्रकारची घरं दिसतात.

काही घरं ठरलेली पाठ्यपुस्तकं धरून चालतात. बालभारती आणि एनसीईआरटी या दोघांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मूल पुन्हा शाळेत जाण्याची शक्यता असेल तर हा मार्ग सगळ्यात सुरक्षित.

काही घरं स्वतःची मोट बांधतात. गणिताला पाठ्यपुस्तक, विज्ञानाला प्रयोग, भाषेला गोष्टी. मराठीत यासाठी सामान भरपूर आहे. पुण्याचे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात.

तिसरी घरं मुलाच्या कलाने जातात. याला अनस्कूलिंग म्हणतात. हा शब्द अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७० च्या दशकात रूढ केला. यात वेळापत्रक नसतं, पण पालकांचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. मुलाला रेल्वेचं वेड असेल तर त्यातून नकाशा, वेळ, अंतर आणि इतिहास कसा काढायचा, याचा विचार रोज तुम्हालाच करायचा असतो.

यातलं कुठलं निवडायचं? आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. घरात रोज दोन-तीन तास शांतपणे मुलासोबत बसणारं कोण आहे? हा प्रश्न बहुधा आईच्या नोकरीवर येऊन थांबतो, म्हणून त्याचं उत्तर दोघांनी मिळून द्या. मूल कोणत्या भाषेत विचार करतं? आणि वर्षाला किती खर्च झेपेल? त्यानंतर महागडं पॅकेज वर्षभरासाठी विकत घेण्याआधी फुकटच्या सामानावर तीन महिने काढून बघा. पहिल्याच आठवड्यात घराची शाळा करू नका. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला थोडा श्वास घ्यायला वेळ लागतो.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, काय वाचलं, काय केलं, एखादा फोटो. उद्या शाळेने विचारलं तर दाखवायला हीच वही असेल.

दोस्त कुठून आणायचे?

"मुलांमध्ये मिसळणार कसं?" हा प्रश्न ऐकून होमस्कूलिंग करणारे पालक वैतागतात. पण प्रश्न खोटा नाही. सहा वर्षांच्या मुलाला आई-बाबा आणि सोसायटीतली दोन पोरं पुरतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला नाही पुरत. त्यातून सोसायटीतली पोरं शाळा, क्लास करून संध्याकाळी सातला खाली येतात. म्हणजे दुपार एकट्याचीच.

पालकांसाठी गट आहेत. 'स्वशिक्षण' हा देशभरातल्या होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांचा गट आहे. पुण्यातून निघणारं 'पालकनीती' मासिक १९८७ पासून शिक्षण आणि पालकत्वावर मराठीत लिहितंय. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे पालकांना धीर मिळतो, मुलाला मित्र नाही. मुलांची मैत्री तीच मुलं, त्याच जागी, पुन्हा पुन्हा भेटल्याने होते.

त्यामुळे महिन्यातून एकदा शंभर किलोमीटरवरच्या मोठ्या मेळाव्यापेक्षा आठवड्यातून तीनदा जवळचं मैदान भारी. कबड्डीचा संघ, पोहण्याचा तलाव, तबल्याचा क्लास, वाचनालय, पुण्यात गरवारे बालभवनसारखी जागा. इथली बाकी मुलं शाळेत जाणारी असली तरी काही बिघडत नाही, उलट बरंच आहे.

खेळात एक मेख आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांमध्ये शाळेच्या नावानेच उतरावं लागतं. मूल खेळात पुढे जाणारं असेल तर क्लब आणि संघटनेच्या स्पर्धांचा मार्ग आधी बघून ठेवा. संगीतात ही अडचण येत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना शाळेची गरज नसते.

गटात जाताना पालकांनीही डोळे उघडे ठेवावेत. शाळेला शिव्या घालण्यातच जिथे सगळा वेळ जातो किंवा प्रत्येक प्रश्नावर कुणाचं तरी पॅकेज विकलं जातं, तिथून लवकर बाहेर पडा. चांगल्या गटात "आमचं नाही जमलं, आम्ही परत शाळेत घातलं" हे सांगायलाही जागा असते.

परतीचा रस्ता

तो आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार ६ ते १४ वयाचं मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं किंवा मध्येच बाहेर पडलेलं असलं, तरी त्याला वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूदही त्यातच आहे. मनासारख्या खासगी शाळेत जागा मिळेलच असं नाही. पण चौदाव्या वर्षापर्यंत हे दार कायद्याने उघडं आहे.

शाळा सोडण्याआधी एवढं करा

- शाळा सोडल्याचा दाखला काढून घ्या. त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद अक्षर न् अक्षर तपासा. पुढे जात पडताळणीला हाच कागद मागतात.
- सगळ्या इयत्तांच्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती ठेवा.
- जन्मदाखला आणि आधारवरचं नाव जुळतंय ना, ते बघा.
- दहावीची वाट ठरवा आणि त्या वर्षीचे नियम मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा. ते बदलत राहतात.
- मूल आठवड्यातून तीन दिवस कुणाला भेटणार, हे कागदावर लिहा. तीन नावं सुचत नसतील तर शाळा सोडण्याची तारीख थोडी पुढे ढकला.

आणि मूल मोठं असेल तर त्यालाही विचारा. दुपारी घरी एकटं बसायचंय ते त्याला.