तेहरानची बातमी, व्हाया न्यूयॉर्क

२० ऑगस्ट १९५३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर तेहरानची बातमी ठळकपणे झळकली. राजनिष्ठांनी पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांना हटवले आणि सैन्याने सूत्रे हाती घेतली, असा तिचा मथळा. बातमी केनेट लव्ह या वार्ताहराची. अमेरिकेतल्या वाचकाला त्यातून दिसले ते असे: पंतप्रधानांना विटलेले लोक रस्त्यावर उतरले, शिपाई त्यांना मिळाले आणि सरकार कोसळले. साठ वर्षांनी, २०१३ मध्ये, सीआयएचा एक अंतर्गत इतिहास खुला झाला. त्यात हे लष्करी बंड सीआयएच्या निर्देशाखाली, अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा भाग म्हणून घडवले गेले, अशी स्पष्ट नोंद आहे. परक्या देशातल्या रस्त्यावरची बातमी कशी तयार होते, हे या दोन कागदांमधल्या अंतरात पाहता येते.

आधी साधनांविषयी. मुख्य कागद डोनाल्ड विल्बर यांचा. इराणी वास्तुकलेचे हे अभ्यासक सीआयएचे अधिकारी होते आणि बंडाची आखणी करणाऱ्यांपैकी एक होते. मार्च १९५४ मध्ये त्यांनी मोहिमेचा गुप्त इतिहास लिहिला आणि तो २००० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उजेडात आणला. तेहरानमध्ये मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या कर्मिट रूझवेल्ट यांच्या आठवणी १९७९ च्या. अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९८९ साली या काळाचा अधिकृत दस्तऐवजसंग्रह काढला, पण त्यातून सीआयए गायब होती. त्यावर इतका गदारोळ झाला की खात्याच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष, इतिहासकार वॉरन कोहेन यांनी राजीनामा दिला. दुरुस्त खंड निघायला २०१७ उजाडले. मधल्या काळात, १९९७ मध्ये, या मोहिमेची बरीचशी कागदपत्रे साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच नष्ट झाल्याचे सीआयएने मान्य केले. उरलेल्या कागदांपैकी विल्बर आणि रूझवेल्ट या दोघांच्या लेखनात फुशारकी आहे. यशाचे श्रेय घेणाऱ्याची साक्ष जपूनच घ्यावी लागते. पण कोणाला पैसे दिले, कोणता मजकूर कुठे पेरला, असे तपशील विल्बर वरिष्ठांना हिशेब दिल्यासारखे लिहितात, आणि तिथे त्यांचा कागद वजनदार ठरतो.

भांडण तेलाचे होते. मार्च १९५१ मध्ये इराणी संसदेने अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीच्या ताब्यातला तेलउद्योग राष्ट्रीयीकृत केला आणि पुढच्याच महिन्यात मोसादेक पंतप्रधान झाले. ब्रिटनने इराणी तेलाची कोंडी केली. ‘टाइम’ने मोसादेक यांना १९५१ चे ‘मॅन ऑफ द इयर’ ठरवले, पण मुखपृष्ठावरच्या ओळीचा सूर असा की यांनी अराजकाच्या चाकांना तेल घातले. त्यांचे रडणे, भोवळ येणे, बिछान्यातून राज्यकारभार करणे याचीच वर्णने पाश्चात्त्य वाचकांपुढे वारंवार येत राहिली.

४ एप्रिल १९५३ रोजी सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी मोसादेक यांना पाडण्यासाठी तेहरान केंद्राला दहा लाख डॉलर मंजूर केले. मे महिन्यात संसद सदस्यांना वळवण्यासाठी आठवड्याला ११ हजार डॉलर खर्च करायची मुभा मिळाली. एका वृत्तपत्राच्या मालकाला सुमारे ४५ हजार डॉलरचे वैयक्तिक कर्ज दिले गेले. त्यामुळे त्याचे पत्र आपल्या उपयोगी पडेल अशी अपेक्षा होती, असे विल्बर सरळच लिहितात. सीआयएचे चित्रकार वॉशिंग्टनमध्ये मोसादेकविरोधी व्यंगचित्रे काढत होते. त्या वेळी सीआयएत असलेले आणि पुढे प्राध्यापक झालेले रिचर्ड कॉटम यांनी नंतर सांगितले की आपण लिहिलेला लेख जवळजवळ दुसऱ्याच दिवशी तेहरानच्या वृत्तपत्रांत छापून येत असे. तेहरानमधली दर पाचांपैकी चार वृत्तपत्रे सीआयएच्या प्रभावाखाली होती, असा त्यांचा अंदाज होता.

विल्बर यांच्या कागदात अमेरिकी नियतकालिकांचाही उल्लेख येतो. ‘न्यूजवीक’मध्ये सीआयएच्या अधिकाऱ्याकडून पत्रकाराकडे, नेहमीच्याच वाटेने, एक लेख पोहोचवला गेला. असे लेख इराणी वृत्तपत्रांत पुन्हा छापले गेले की मोसादेक यांच्याविरुद्धच्या मानसिक युद्धाला बळ मिळे, असा त्यांचा दावा आहे. इथे या प्रचाराची रीत उघडी पडते. तेहरानच्या छापखान्यातून निघालेला मजकूर विकाऊ म्हणून झटकून टाकता येतो. तोच मजकूर अमेरिकी साप्ताहिकाचा शिक्का घेऊन परतला की त्याला परक्या, तटस्थ साक्षीदाराची पत मिळते.

१५ ऑगस्टच्या रात्री कर्नल नेमतोल्ला नसिरी इराणचे राजे शहा यांचे फर्मान घेऊन मोसादेक यांच्या घरी गेले. त्यांना बडतर्फ करून जनरल फझलोल्ला झाहेदी यांना पंतप्रधान नेमल्याचा तो हुकूम. बातमी आधीच फुटली होती. नसिरी पकडले गेले, शहा बगदादला आणि तिथून रोमला पळाले. १६ ऑगस्टच्या सकाळी तेहरान रेडिओने बंड फसल्याचे जाहीर केले.

त्या सकाळी सीआयएच्या केंद्राने जे केले, ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्याने न्यूयॉर्कच्या असोसिएटेड प्रेसला संदेश पाठवला. कटवाल्यांकडे शहांची दोन फर्माने आहेत, एक मोसादेक यांना काढणारे आणि दुसरे झाहेदींना नेमणारे, अशी अनधिकृत वार्ता असल्याचे त्यात म्हटले होते. मग अमेरिकी वार्ताहरांना शहराच्या उत्तरेला नेऊन झाहेदींचे चिरंजीव अर्देशिर यांच्याशी भेट घालून दिली गेली आणि फर्मानाच्या प्रती त्यांच्या हाती आल्या. न्यूयॉर्कला पोहोचलेली बातमी तारेने जगभर गेली. पुढच्या दोन-तीन दिवसांत तेहरानच्या काही पत्रांनी फर्मान छापले. सरकारच्या दृष्टीने जे फसलेले बंड होते, ते आता कायदेशीर पंतप्रधान कोण या वादाचे रूप घेऊ लागले.

दरम्यान रस्ते पेटले. १७ आणि १८ ऑगस्टला शहा आणि त्यांचे वडील रझा शहा यांचे पुतळे पाडले गेले. या गर्दीत तुदेह या कम्युनिस्ट पक्षाचे खरे कार्यकर्ते होते, तसे तुदेहचा मुखवटा घातलेले भाडोत्रीही होते. कम्युनिस्ट असल्याचे भासवून धर्मगुरूंना धमकावणे, एकाच्या घरावर बॉम्बहल्ल्याचा बनाव करणे, ही कामेही सीआयएच्या इराणी हस्तकांची होती. कोणत्या घोषणा खऱ्या आणि कोणत्या विकतच्या, हे रस्त्यावर उभ्या वार्ताहराला ओळखता येणे कठीण होते. त्याच्या वहीत ‘कम्युनिस्ट जमाव’ एवढेच उतरले. १८ तारखेला वॉशिंग्टनने तर मोहीम फसल्याचे मानून आवरते घ्यायला सांगितले होते.

१९ ऑगस्टला बाजारपेठेच्या बाजूने शहांच्या नावाने घोषणा देत लोक निघाले. पुढे झुरखान्यांतले, म्हणजे इराणी तालमींतले, पहिलवान होते. परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांच्या ‘बख्तर-ए इम्रुझ’ या पत्राच्या कचेरीला आग लावण्यात आली. दुपारी रेडिओ केंद्र पडले. मोसादेक यांच्या घराभोवती तासन्‌तास गोळीबार चालला. त्या दिवशी दोनशे ते तीनशे माणसे मेल्याचे सांगितले जाते.

केनेट लव्ह यांनी १९६० साली प्रिन्स्टनमध्ये एक निबंध लिहिला. तो छापला गेला नाही, त्याची प्रत ॲलन डलेस यांच्या कागदपत्रांत राहिली. फर्मानाच्या प्रती पसरवण्यात आपला हात होता, असे त्यात ते सांगतात. रेडिओ केंद्रासमोर नुसते उभे असलेले रणगाडे मोसादेक यांच्या घराकडे न्यावेत, असे आपणच तिथल्या अधिकाऱ्यांना सुचवल्याचेही ते लिहितात. आपण सीआयएचे माणूस असल्याचे त्यांनी नाकारले, आणि तसे मानायला आधार नाही. पण घटना वळवणारा आणि घटनेची बातमी देणारा माणूस एकच होता, हे २० ऑगस्टच्या सकाळी ‘टाइम्स’ वाचणाऱ्याला कळले नव्हते.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मोसादेक यांच्याविरुद्धचा सगळा असंतोष डॉलरने विकत घेतलेला नव्हता. तेलाचे उत्पन्न आटले होते आणि अयातुल्ला काशानींसारखे जुने सहकारी दुरावले होते. ऑगस्टमध्येच घेतलेल्या सार्वमतात ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या पेट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या होत्या. दारयुश बायंदोर, रे ताकेय यांसारखे अभ्यासक १९ ऑगस्टचे श्रेय मुख्यतः इराणी धर्मगुरूंना आणि सेनाधिकाऱ्यांना देतात. अमेरिकी पत्रे वापरण्याच्या सीआयएच्या प्रयत्नांना फारसे यश आले नाही, असे २००० साली ‘टाइम्स’नेच म्हटले. पण तेहरानमधल्या मोहिमेपुरता खरा वाचक तेहरानचा होता, न्यूयॉर्कचा नव्हे. अमेरिकी पत्र ही त्या मजकुराची मधली थांब्याची जागा होती.

मॉस्कोने त्याच आठवड्यात बंडामागे अमेरिका असल्याचे म्हटले. ते खरे निघाले, पण म्हणून मॉस्कोची पत्रे सत्यवादी ठरत नाहीत. दोनच महिन्यांपूर्वी, १७ जून १९५३ ला, पूर्व जर्मनीत वाढीव कामाच्या सक्तीविरुद्ध मजूर रस्त्यावर आले आणि सोव्हिएत रणगाड्यांनी त्यांना चिरडले. पूर्व बर्लिनच्या सरकारी पत्रांनी त्यांना पश्चिमेने धाडलेल्या फॅसिस्ट चिथावणीखोरांचे रूप दिले. दोन्ही गोटांची फूटपट्टी एकच होती: आपल्या सोयीची गर्दी म्हणजे जनता, गैरसोयीची म्हणजे भाड्याचा जमाव.

तेहरानच्या वार्ताहरांनी डोळ्यांनी पाहिलेले खोटे लिहिले, असे हे कागद म्हणत नाहीत. दिसले ते त्यांनी लिहिले. काय दिसावे याची तजवीज दुसऱ्यांनी केली होती, आणि हातात फर्मान ठेवणारा कोण, हा प्रश्न बातमीत उतरला नाही. आजही दूरच्या देशातल्या निदर्शनांची बातमी वाचताना किती लोक जमले हे पाहण्याआधी, बातमीदाराला कागद कोणी दिला आणि ती बातमी कुठून कुठे फिरून आपल्यापर्यंत आली, हे पाहावे. जी बातमी हे सांगत नाही, ती अर्धीच समजावी, मग ती आपल्या मताची का असेना.