मालिकांच्या फायलींना नावे कशी द्यावीत?

बेलव्ह्यूला आई-बाबा मुक्कामाला आले की फर्माईश होते, "श्रीयुत गंगाधर टिपरे लावा." भाग हार्डडिस्कवर असतात, पण 'न्यू १', 'न्यू १ फायनल' अशा नावांमुळे सापडत नाहीत.

शेजारच्या रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आणलेले मीडिया सेंटर २०१५ च्या विंडोज १० मध्ये राहिले नाही. म्हणून सगळी माहिती फाइलच्या नावातच असावी, असे आमचे मत.

प्लेक्स, जेलीफिन, कोडी तिन्हींना चालणारी पद्धत अशी: मालिकेचा फोल्डर, त्यात सीझनचा, आणि फाइलला मालिकेचे नाव व 'एस०१ई०५' (अक्षरे रोमन, अंक इंग्रजी). शून्य गाळू नका, नाहीतर काही टीव्हींवर १ नंतर थेट १० येतो! मालिकेच्या नावापुढे कंसात वर्ष हवेच. 'दामिनी' नावाचा १९९३ चा हिंदी चित्रपटही आहे.

आपली खरी पंचाईत रोजच्या मालिकांची. सीझन नाहीत, भाग शेकड्यांनी, आणि इंटरनेटवरच्या याद्यांतले क्रमांक जुळतीलच असे नाही. तिथे क्रमांकाऐवजी प्रक्षेपणाची तारीख लिहा, वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. इथल्या सवयीने महिना आधी लिहिला तर सगळ्या वर्षांचे जानेवारी एकत्र येतात. दिवाळी विशेष भाग 'सीझन ००' मध्ये टाका. 'आभाळमाया'चे रोमन स्पेलिंग मात्र घरात सर्वांनी एकच ठरवा, नाहीतर एका मालिकेच्या दोन होतात.