कानांनीं पाहणारें वटवाघूळ

दिवेलागणीच्या वेळीं अंगणावरून भिरभिरत जाणारें लहानसें वटवाघूळ कोणीं पाहिलें नाहीं? अंधारांतही तें ना भिंतीवर आदळत, ना फांदीवर. या साध्या नवलाचें कोडें उलगडण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. आणि तीं पुराव्याच्या अभावामुळें लागलीं असेंही नव्हे.

इ. स. १७९३ मध्यें इटलींतील पाव्हिया येथील विद्यापीठांत लाझारो स्पालान्झानी हे वयोवृद्ध अध्यापक होते. त्यांनीं खोलींत ठेवलेलें घुबड मेणबत्ती विझतांच भिंतीवर आदळे. वटवाघळें मात्र त्याच अंधारांत निर्वेध उडत. तेव्हां त्यांनीं कांहीं वटवाघळांचे डोळे निकामी केले. प्रयोग क्रूर खरा. परंतु तीं पूर्ववत् उडालीं. पुढें तेथील मुख्य प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यांत तीं पुन्हां सांपडलीं, तों त्यांच्या पोटांत डोळस सोबत्यांइतकेच किडे निघाले.

१७९४ मध्यें जिनीव्हाचे शस्त्रवैद्य लुई ज्युरीन यांनीं वटवाघळांचे कान बुजविले. तत्क्षणीं तीं जागोजाग आदळूं लागलीं. स्पालान्झानींनीं हा प्रयोग स्वतः करून पाहिला व त्याचा निर्वाळा दिला.

परंतु जो प्राणी उडतांना आवाजच करीत नाहीं, तो ऐकणार काय? पॅरिसचे थोर प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनीं, स्वतः प्रयोग न करितां, वटवाघूळ पंखांच्या स्पर्शज्ञानानें मार्ग ओळखतें असा निर्णय दिला. नांव मोठें, म्हणून निर्णयही मोठा ठरला. १७९९ मध्यें स्पालान्झानी वारले. त्यांचा पुरावा शतकाहून अधिक काळ अडगळींत पडला.

१९३८ मध्यें अमेरिकेंतील हार्व्हर्ड विद्यापीठाचा डोनल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी आपलीं वटवाघळें पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पिअर्स यांच्या यंत्रापाशीं घेऊन गेला. सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडील ध्वनि मनुष्याच्या कानास ऐकूं येत नाहीं. तें यंत्र तो टिपीत असे. मुकीं समजलेलीं वटवाघळें त्या यंत्रापुढें चक्क ओरडत होतीं! पुढें ग्रिफिन व रॉबर्ट गॅलंबोस यांनीं १९४१ पर्यंत सिद्ध केलें, कीं कान बुजविले काय अथवा तोंड बांधलें काय, वटवाघूळ सारखेंच धडपडतें. आपल्याच ओरडण्याचा प्रतिध्वनि ऐकून तें भिंत, फांदी आणि भक्ष्य ओळखतें.

वडा-पिंपळावर उलटीं टांगलेलीं मोठीं फळखाऊ वटवाघळें मात्र डोळ्यांनींच वाट काढतात. ही विद्या त्यांची नव्हे.

ज्युरीन आणि स्पालान्झानी यांचा पुरावा पहिल्यापासून पुरा होता. उणा पडला तो मनुष्याचा कान. आणि ऐकूं येत नाहीं तें नाहींच, असें मानण्याची घाई मात्र विद्वानांनीं केली.