बोर्ड कोणतं? मराठवाड्याचा जुनाच प्रश्न

सिरसाळ्यासारख्या गावात आज पालक विचारतात, 'सीबीएसई घ्यावं की स्टेट बोर्ड?' प्रश्न नवा वाटतो. पण आपल्या पणजोबांपुढेही तो होताच.

हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचं निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेलं, म्हणजे परीक्षा इंग्रजीतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं माध्यम उर्दू. मराठी घरातल्या पोराला दोन्ही वाटा परक्याच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनं तिसरी वाट धरली, पण सरकारी मान्यतेवाचून. आणि मान्यतेची किंमत काय असते, ते १९३८ साली कळलं. 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानियातून काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला, म्हणून त्यांचं शिक्षण वाचलं.

पुढे मराठवाडा मराठी राज्यात आला. १९६६ पासून राज्य मंडळ आहे; गावच्या शाळेतून, मराठीतून दहावी देता येते. ही साधी गोष्ट नाही. दुसरीकडे गेवराई तालुक्यातल्या गढीचं नवोदय विद्यालय सीबीएसईचं. सहावीची प्रवेश परीक्षा पास झालेलं खेड्यातलं पोर तिथं जवळजवळ फुकट शिकतं. तेव्हा सीबीएसई म्हणजे श्रीमंतांचंच, असंही नाही.

इतिहास आपल्याला दोनच प्रश्न शिकवतो. पोराला कोणत्या भाषेत समजतं? आणि त्याला जिथं जायचंय, तिथं हे सर्टिफिकेट चालतं का? बोर्डाचं नाव त्यानंतर बघा.