मुळशीचे पाणी आणि थांबलेली रांग

दरी जितकी मोठी तितका लोकांचा राग मोठा, असे आपण सहज धरून चालतो. इतिहासात ते नेहमी खरे ठरत नाही.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले. अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला सोडायचे आणि तेथली वीज मुंबईला पुरवायची, अशी योजना होती. बुडणार होती मावळातली सुमारे 50 गावे आणि त्यांची आंबेमोहोराची खाचरे. 1894 च्या कायद्याने जमीन सक्तीने घेता येत होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात.

आता गंमत पाहा. मावळा कर्जात होता आणि त्याची पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. ही विषमता जुनीच, पण तिच्यासाठी खोरे असे उठले नव्हते. धरण येताच मात्र वाटा फुटल्या. सावकाराला मोबदल्यात नफा दिसला. शहरातल्या काहींना कारखाने, वीज आणि स्वदेशी कंपनी दिसली. जमीन कसणाऱ्याला यात आपली पाळी कधीच येणार नाही, हे कळून चुकले.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1973 साली यासाठी एक दृष्टान्त दिला. बोगद्यात वाहनांच्या दोन रांगा अडकल्या आहेत. शेजारची रांग सरकू लागली की आपल्याला आधी बरेच वाटते, कारण आता आपलीही सरकेल. बराच वेळ ती सरकली नाही, की तीच शेजारची रांग डोळ्यांत खुपते. दरी तीच, आशा आटली. मुळशीकरांची रांग तर नुसती थांबली नव्हती, तिच्या पायाखालचा रस्ताच काढून घेतला जात होता.

देशादेशांतही असेच दिसते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांच्या एका अभ्यासात गरीब घरातले मूल वर चढण्याची शक्यता अमेरिकनांनी वास्तवापेक्षा जास्त धरली, तर युरोपीयांनी कमी. श्रीमंतांवर कर लावून वाटप करावे, या मताला युरोपात अधिक पाठिंबा का, याचे थोडे उत्तर यात असावे. वर्गात विचारून पाहावे: तुमच्या गावात कोणाची रांग सरकते आहे?

1924 साली बापटांनी आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. 1927 साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. ती मुंबईला गेली.