मंगळागौर : माजघरातून सभागृहात

संसारात पडलेल्या बाईनं नाचायचं कुठं? पुण्याच्या जुन्या वाड्यांत याचं उत्तर श्रावणातल्या मंगळवारी मिळायचं. लग्नानंतर ५ वर्षं पुजायची ती मंगळागौर. सकाळी पूजा, रात्री जागरण. झिम्मा, पिंगा, कोंबडा, लाट्या. फुगडीचेच कितीतरी प्रकार, बसफुगडी, दंडफुगडी, जातं, एका हाताची. पूजा नवी नवरी करी, पण खेळात खरा दम दिसे तो मावश्या-आत्यांचा. एरवी चुलीशी बांधलेल्या बाईला मोठ्यानं हसायला, घाम येईस्तोवर नाचायला ही एक रात्र होती.

तीही सगळ्यांची नव्हे. व्रत सौभाग्याचं, म्हणून विधवेला त्यात जागा नसे. कौतुकाच्या भरात आपण हे विसरतो.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. उरलेल्यांतल्या अनेकांच्या जागी पुढे इमारती आल्या. फ्लॅटच्या हॉलमध्ये फेर धरायचा कसा? शिवाय खालच्या मजल्यावरचे बेल वाजवणार! मग खेळ कार्यालयांत, सभागृहांत गेले आणि खेळणाऱ्या बायकांचे गट उभे राहिले. पन्नाशी-साठीच्या बायका नऊवारी नेसून बोलावणं येईल तिथं खेळ करतात, त्यासाठी एरवी जमून सराव करतात. व्रताचा कार्यक्रम झाला, अशी तक्रार आपण ऐकतो. झाला खरा. पण कार्यक्रम झाला म्हणूनच एकटीलाही त्यात शिरता येतं. तिथं नवऱ्यापेक्षा गुडघ्यांची चौकशी जास्त. आणि गुडघे दुखत असतील तर बाई गाणी म्हणायला बसते.